दोष आढळला नाही

१

ज्या दिवशी मामा गेले, त्या दिवशी ट्रक पूर्णपणे निर्दोष होता. हे विधान ट्रक विकणाऱ्या डीलरच्या वर्कशॉपचे आहे, त्यावर गोल शिक्का आहे, आणि शिक्क्याखाली त्याच दिवसाची तारीख आहे. सकाळी दहा वाजता 'दोष आढळला नाही' असे लेखी प्रमाणपत्र मिळालेल्या त्या ट्रकचा शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा, दुपारी तीनच्या सुमारास डोंगरउतारावर तुटला. तुटलेले टोक गरगरत चेसिसवर आपटले, ब्रेकच्या हवेच्या नळ्या फाटल्या, मागची चाके एकाएकी जखडली आणि मालाने भरलेला ट्रक आडवा होऊन दगडी कठड्यावर गेला. कठड्याच्या बाजूला मामा बसले होते.

मामा हे कोणाचेच मामा नव्हते. रस्त्यावरच्या माणसांना नाती फुकट वाटत हिंडायची सवय असते, तिच्यातून त्यांना हे पद मिळाले होते. अकरा वर्षे ते आणि धाकटा एकाच केबिनमध्ये आळीपाळीने गाडी चालवत आणि झोपत आले. अपघाताच्या वेळी स्टिअरिंगवर धाकटा होता. त्याच्या खांद्याचे हाड मोडले; बाकी तो जिवंत होता, आणि हेच त्याला कोणी माफ करत नव्हते. तो स्वतः तर नाहीच.

परिवहन कार्यालयाची नोटीस आली: 'आपला परवाना कायमचा रद्द का करू नये?' सोबत वर्कशॉपचे निवेदन जोडलेले होते. वाहन निर्दोष होते. चालकाची क्लच वापरण्याची पद्धत आणि वेग यांमुळे शाफ्टवर अवाजवी ताण आला असावा. 'असावा' या शब्दाच्या आडोशाला एक अख्खे वर्कशॉप उभे होते.

धाकट्याची थोरली बहीण एका ग्रंथसंग्रहात जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम करत असे. एकाच मजकुराच्या सात प्रती समोर मांडायच्या, कोणी कोणाची नक्कल केली ते शोधायचे, आणि मूळ लेखकाने काय लिहिले होते ते ठरवायचे. सहकारी तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत. तिला ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते. आई गेल्यावर धाकट्याला तिनेच वाढवले होते.

तिने नोटीस दोनदा वाचली. सुनावणीला चार दिवस उरले होते.

"तीन महिने सांगत होतो ग ताई त्यांना," धाकटा म्हणाला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता आणि नजर भिंतीवर होती. "पन्नासच्या पुढे गेलं की खालून कंप यायचा. दात वाजतील असा. पाच खेपा घातल्या. दरवेळी म्हणाले, काही नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काहीतरी हलतंय."

भिंगने नोटीस घडी घालून ठेवली.

"तू ते कागद लावतेस ना, खरं कुठलं आणि खोटं कुठलं? मग मला एवढंच सांग. परवाना गेला चुलीत. मामांना मी मारलं का?"

२

डीलरच्या इमारतीचा पुढचा भाग काचेचा होता आणि मागचा पत्र्याचा. ग्राहकाला काच दाखवायची आणि त्याची गाडी पत्र्याखाली न्यायची, अशी ती रचना होती. सर्व्हिस मॅनेजरच्या खोलीत 'उत्कृष्ट सेवा' असे कोरलेल्या ढाली रांगेने मांडल्या होत्या.

"मॅडम, झालं ते फार वाईट झालं," मॅनेजर म्हणाला. ज्या माणसाला वाईट वाटण्याचा पगार मिळतो त्याचा आवाज असा असतो. "पण भावनेच्या भरात आपण मशीनवर अन्याय करतो बघा. पाचही वेळा लॅपटॉप लावला. एकसुद्धा एरर नाही. माणूस खोटं बोलेल, लॅपटॉप बोलत नाही."

"शाफ्टवर सेन्सर असतो?"

"शाफ्टवर? नाही. शाफ्ट म्हणजे नुसतं लोखंड."

"मग ज्याला तोंडच नाही, त्याच्याबद्दल लॅपटॉपला विचारलंत. तो बिचारा काय सांगणार?"

मॅनेजरने हसून वॉरंटी विभागाच्या बाईंकडे बोट दाखवले. मोठ्या माणसांचे हसू संपले की ते आपले बोट पुढे करतात.

वॉरंटीबाई मनाने वाईट नव्हत्या; फक्त त्यांच्या टेबलावर दिवसाला चाळीस गाड्या येत. त्यांनी धाकट्याच्या ट्रकची फाइल काढली आणि पाच जॉब कार्डांच्या छायाप्रती दिल्या. भिंगने त्या बाकावर ओळीने मांडल्या, जशा ती रोज हस्तलिखिते मांडत असे. पाचही ठिकाणी तेच वाक्य होते: 'ग्राहकाच्या मते कंप. रोड टेस्ट घेतली. दोष आढळला नाही.' शब्दांचा क्रम तोच, पूर्णविरामही तिथेच. दुसरे कार्ड पहिल्यावरून उतरवले होते आणि तिसरे दुसऱ्यावरून. नक्कलनवीस मूळ ग्रंथ वाचत नाही, मागची प्रत वाचतो. इथेही ट्रक कोणी वाचला नव्हता.

"रोड टेस्टच्या वेळी गाडीत माल किती होता?" तिने विचारले.

वॉरंटीबाई खळखळून हसल्या. "माल? अहो, भरलेली गाडी आम्ही आत घेतच नाही. गेटबाहेर रिकामी करायची, मगच आत."

"हा नियम कुठे लिहिला आहे?"

"त्यात लिहायचं काय? सगळ्यांना माहीत असतं."

भिंगने भाऊ गाडी कशी चालवतो ते आठवून पाहिले. तो रिकामा फार क्वचित जाई. रिकाम्या फेरीला कोण भाडे देतो? कंप भरलेल्या ट्रकला येत होता आणि तपासणी रिकाम्या ट्रकची होत होती. म्हणजे पाच वेळा अगदी प्रामाणिकपणे, नियमानुसार, एका वेगळ्याच गाडीची परीक्षा झाली होती.

तीस वर्षांच्या कामाने तिला एक गोष्ट शिकवली होती. प्रतींमधल्या चुका शोधणे सोपे. अवघड असते ते प्रत करणाऱ्याने न लिहिलेले शोधणे. जे त्याला इतके उघड वाटते की ते लिहिण्याची त्याला लाज वाटावी, तेच नेमके पुढच्या शतकाला कळत नाही. या वर्कशॉपमधले शतक फार तर आठवड्याचे होते, इतकेच.

तिने फाइल मागे चाळली. कंपाच्या पहिल्या तक्रारीआधी बरोबर सहा दिवस एक निराळे कार्ड होते: 'गाडी सुरू होत नाही. स्टार्टर मोटर बदलली.'

"हे काय?"

"ते वेगळं. तो कंपाचा विषयच नाही. स्टार्टर पुढे असतो, शाफ्ट मागे जातो. कानाचं दुखणं आणि गुडघ्याचं दुखणं."

"बरोबर," भिंग म्हणाली. "फक्त एक सांगा. गाडी सुरूच होत नव्हती, तर ती इथे चालत आली का?"

वॉरंटीबाईंनी कार्ड हातात घेतले, उलटून पाहिले आणि पुन्हा सुलटे केले. दोन्ही बाजूंना काहीही लिहिलेले नव्हते.

३

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारा टोइंगवाला वर्कशॉपचा नोकर नव्हता, कंत्राटी होता. म्हणून त्याचे काम जॉब कार्डावर येत नसे. कागदाच्या दृष्टीने त्याने आणलेली गाडी आकाशातून पडत असे.

"आणली की मीच," तो म्हणाला. तो एका मोडक्या मोटारीच्या बॉनेटवर डबा उघडून बसला होता. "हायवेच्या कडेला उभी होती. तुमचा भाऊ आणि तो म्हातारा, दोघं होते. म्हातारा माझ्या ड्रायव्हरला शिकवत होता साखळी कशी बांधायची. शिव्या पण देत होता, पण मोजून."

"ओढण्याआधी काही काढावं लागतं का गाडीचं?"

"शाफ्ट काढावाच लागतो. नाहीतर चाकं फिरणार, त्यांच्याबरोबर गिअरबॉक्स आतून फिरणार, आणि इंजिन बंद असलं की त्याला ऑइल कोण पाजणार? भाजून निघेल."

"शाफ्ट काढल्याचं कुठे लिहिलंत?"

त्याने घास थांबवून तिच्याकडे पाहिले. "बाई, तुम्ही चष्मा पुसता तेव्हा वहीत लिहिता का?"

त्याने शाफ्ट मधल्या जोडातून ओढून काढला होता, केबिनमध्ये टाकला होता आणि वर्कशॉपच्या अंगणात गाडीसकट उतरवून दिला होता. परत कोणी बसवला? "उस्तादने. दुसरं कोण बसवणार?"

उस्ताद म्हणजे वर्कशॉपचा हेड मेकॅनिक. वय साठीच्या आसपास, बोटांच्या रेषांत कायमचे काळे तेल. तो पत्र्याच्या शेडबाहेर नळावर हात धूत होता. भिंगने पिशवीतून विमा कंपनीच्या माणसाने अपघातस्थळी काढलेले फोटो बाहेर काढले आणि एकेक करून त्याच्यापुढे धरले. आठव्या फोटोवर त्याचे ओले हात थांबले. तुटलेला शाफ्ट गाडीखाली लोंबकळत होता आणि त्याचा मधला जोड अजून शाबूत होता.

"ही पिवळी रेघ दिसते?" तो बोट दाखवत म्हणाला. "कारखान्यात मारतात. अर्धी या तुकड्यावर, अर्धी त्या तुकड्यावर. जोडाच्या आत खाचा असतात, सोळा. शाफ्ट सोळापैकी कुठल्याही खाचेत बसतो, पण बरोबर एकाच. रेघ रेघेला मिळाली पाहिजे."

फोटोत रेघ रेघेला मिळाली नव्हती. दोन अर्ध्यांमध्ये चांगले दोन बोटांचे अंतर होते.

"नाही मिळाली तर?"

"शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, वळणारे सांधे. ते एका तालात फिरायला पाहिजेत. चुकीच्या खाचेत बसला की दोन टोकं एकमेकांशी भांडायला लागतात. रिकाम्या गाडीत भांडण पुटपुटण्यावर असतं. माल भरला की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो, आणि मग हाणामारी. तीन महिने हाणामारी चालली तर क्रॉस जाणारच."

"म्हणजे माझ्या भावाची क्लच वापरण्याची पद्धत..."

"क्लचचा काय संबंध!" उस्ताद एकदम चिडून म्हणाला. कामाबद्दलचे खोटे त्याला अजूनही सहन होत नव्हते. मग आपण कोणाची बाजू घेतली हे लक्षात येऊन त्याने हात पुन्हा नळाखाली धरले.

"शाफ्ट बसवला कोणी?"

"मी. मार्च एंडिंग होतं, अंगणात अकरा गाड्या. रेघेवर चिखल होता. पुसायला हवा होता." तो थांबला. "एका फडक्याचं काम होतं."

ही चूक होती, आणि चुकीला क्षमा असते. भिंगने फोटो पिशवीत ठेवले. तिला हस्तलिखितांतल्या चुका करणाऱ्यांचा कधीच राग आला नव्हता; राग येई तो चूक दिसल्यावर ती शाईने झाकणाऱ्यांचा.

"उस्ताद, एकच विचारते. तुम्हाला हे आत्ता या फोटोत पहिल्यांदा दिसलं का?"

नळ वाहत होता. त्याने तो बंद केला नाही.

"पाचव्या खेपेला दिसलं," तो म्हणाला. "त्याच सकाळी."

४

त्या सकाळी धाकट्याने वर्कशॉपमध्ये आवाज चढवला होता. उस्ताद वैतागून स्वतः गाडीखाली सरकला, आणि लॅपटॉपने पाच वेळा न पाहिलेले त्याने एका नजरेत पाहिले. त्याने मॅनेजरला बाजूला घेतले. शाफ्ट सोडवून नीट बसवायचा, दोन्ही क्रॉस नवे टाकायचे. जुने सैल झालेत, नुसती रेघ जुळवून भागणार नाही. दोन तासांचे काम.

"मग?"

"मग साहेब म्हणाले, क्रॉस स्टोअरमधून काढला की कार्डावर दोष लिहावा लागेल. पाचव्या वेळी दोष लिहिला तर आधीच्या चार वेळचं काय? पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. एकाच तक्रारीसाठी गाडी पुन्हा पुन्हा आली, असं निघालं तर वर्कशॉपचे गुण जातात. दोष नाही असं लिहिलं की ती तक्रारच धरत नाहीत." उस्तादने हात पुसले. "म्हणाले, आज 'दोष नाही' लिहा, सोमवारी गाडी बोलवून गुपचूप करून टाकू. शनिवार होता."

"आणि तुम्ही गाडी जाऊ दिलीत."

"नोकरी करतो ताई मी."

"मामाही करत होते," भिंग म्हणाली.

निघताना ती म्हणाली, "गुरुवारी सुनावणी आहे." उस्ताद "येईन" म्हणाला. तिला विश्वास बसला नाही, आणि त्याच्याबद्दल ती चुकली.

कोडे सुटले होते. घरी येऊन तिने धाकट्याला सगळे सांगितले: गेट, स्टार्टर, साखळी, रेघ, शनिवार. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याचे खांदे थोडे सैल झाले. मग तिने सुनावणीसाठी पाच कार्डे पुन्हा ओळीने मांडली आणि या वेळी तिची नजर तळाशी गेली.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक छापील वाक्य होते: 'माझ्या तक्रारीचे निराकरण झाले असून मी समाधानी आहे.' त्याखाली चालकाची सही. सही केल्याशिवाय गेट पास मिळत नसे, आणि गेट पासशिवाय गाडी बाहेर पडत नसे. समाधान ही तिथे बाहेर पडण्याची किंमत होती.

चार सह्या धाकट्याच्या होत्या. त्याला अक्षरे गिरवायला तिनेच शिकवले होते. शेवटचा फराटा तो अजूनही तिच्यासारखाच खाली ओढत असे. पाचव्या सहीत नाव त्याचेच होते, पण फराटा वर गेला होता आणि हात थरथरला होता.

"ही तुझी नाही," ती म्हणाली.

धाकट्याने कार्डाकडे पाहिलेसुद्धा नाही. "माझीच आहे."

"मी तीस वर्षं हेच करते रे. मला शिकवू नकोस."

"मी अडून बसलो होतो," तो अखेर म्हणाला. "म्हटलं, या वेळी मी समाधानी नाही, सही करणार नाही. मामा घड्याळ बघत होते. रविवारी सकाळी मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन. माल भरून शनिवारी संध्याकाळच्या आत घर गाठायचं होतं. म्हणाले, 'अरे, सही म्हणजे काय, शाई! आण इकडे.' आणि माझ्या नावाने केली. मॅनेजर समोरच उभा होता, हसत होता."

भिंगला ते हसू आठवले. "हेच गुरुवारी सांगायचं. तू समाधानी नव्हतास, तू नकार दिलास. यावर तुझा परवाना वाचतो."

"आणि मामींना काय कळेल? की यांनी माझ्या डोळ्यांसाठी घाई केली, स्वतःच्या हाताने सही केली आणि गेले?" तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होता. "तू बोलायचं नाहीस, ताई."

"हे खोटं आहे."

"सही त्यांनी केली, पण चावी तर मी फिरवली ना? मग खोटं काय बोललो मी?"

तिने वचन दिले नाही.

५

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि एक अत्यंत सभ्य अधिकारी होता. भिंगने अर्ध्या तासात, आवाज न चढवता, सगळे मांडले. टोइंगवाल्याने साखळीसकट साक्ष दिली. उस्ताद आला, धुतलेला शर्ट घालून आला, आणि शनिवारचे एकूण एक वाक्य सांगून बसला. त्याची नोकरी त्या खुर्चीतच संपली हे खोलीतल्या सर्वांना दिसत होते. अधिकाऱ्याने आठवा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मान हलवली. रेघ बोलत होती.

मग मॅनेजर उठला.

"साहेब, शाफ्टच्या बसवणीत आमच्या माणसाची चूक झाली, हे मी मान्य करतो," तो म्हणाला. हरलेला किल्ला स्वतःहून देणाऱ्याचा दिलदारपणा त्याच्या आवाजात होता. "पण चालकालाही दोष माहीत होता. तीन महिने तो तेच सांगत होता. तरीही त्याने त्या सकाळी लिहून दिलं की मी समाधानी आहे, आणि भरलेली गाडी उतारावर घातली. आम्हाला माहीत नसताना आम्ही चुकलो असू. त्याने माहीत असून सही केली."

'माहीत नसताना' हे उस्तादच्या डोळ्यांदेखत म्हणायला एक वेगळ्या दर्जाचे धैर्य लागते. मॅनेजरने कार्ड पुढे सरकवले आणि धाकट्याकडे बघून किंचित हसला. सही कोणाची आहे हे त्या खोलीत तीनच माणसांना माहीत होते, आणि त्यातल्या दोघांचे तोंड बंद राहील असा त्याचा हिशेब होता. तिसरीनेही ती सही ओळखली आहे, हे त्याला माहीत नव्हते.

भिंग उठून उभी राहिली.

"काही सांगायचंय?" अधिकाऱ्याने विचारले.

तिने धाकट्याकडे पाहिले. तो तिच्याकडे बघत नव्हता. मोडक्या खांद्याचा हात गळ्यात अडकवून तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, लहानपणी मार बसण्याआधी बघायचा तसा.

"ही सही कोणाची?" अधिकाऱ्याने त्यालाच विचारले.

"माझी," धाकटा म्हणाला. "मीच केली."

भिंग आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग बसली.

निकाल तासाभरात मिळाला. वर्कशॉपला लेखी ताकीद. चालकाचा परवाना कायमचा रद्द, कारण दोषाची जाणीव असूनही त्याने वाहन योग्य असल्याचे प्रमाणित केले. जो दोष निकालानुसार वर्कशॉपला पाच वेळा सापडला नाही, तो एकट्या चालकाला माहीत होता म्हणून त्याला शिक्षा झाली. हा तर्क टंकलिखित होता आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

तिथून दोघे थेट मामींकडे गेले. पुढे ढकललेले ऑपरेशन नुकतेच झाले होते. त्या काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसल्या होत्या. पावलांवरूनच त्यांनी धाकट्याला ओळखले.

"कुणाची चूक निघाली रे?"

"वर्कशॉपची, मामी. शाफ्ट चुकीचा बसवला होता. लेखी दिलंय त्यांनी."

"मग गाडी कधी सुरू करतोस?"

"सोडली. खांदा काही धड होत नाही."

मामींनी हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला. "मी रोज सांगायची ह्यांना फोनवर. गाडी थरथरते ना, मग त्यांच्या कागदावर सही करू नका, म्हणावं आधी नीट करा. ऐकायचे का कधी माझं?"

"ऐकलं त्यांनी," धाकटा म्हणाला. "त्यांनी नाही केली. मी केली."

मामींचा हात त्याच्या खांद्यावरून खाली उतरला आणि त्यांच्या स्वतःच्या मांडीवर जाऊन बसला. मग त्यांनी काळा चष्मा भिंग उभी होती त्या दिशेला वळवला.

"खरं का हो, ताई? तुम्ही बघितलेत ना कागद?"

"हो," भिंग म्हणाली. "सही ह्याचीच आहे."